फोटोखालचा शब्द

मोहाचा वास नाकाच्या आधी घशाला कळतो. काल सकाळी वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेच्या भाजीबाजारात एक बाई गोणपाटावर मोहफुलं घेऊन बसली होती. एका बाजूला कोथिंबिरीच्या जुड्या, दुसऱ्या बाजूला कैऱ्या, आणि मधल्या हातभर जागेत ही तपकिरी, सुरकुतलेली फुलं. मी न बघताच पुढे गेलो आणि चार पावलांवर घसा एकदम गोड, जड झाला. मागे वळून पाहिलं. चैत लागला होता आणि मला पत्ताच नव्हता.

पिशवीत अर्धा किलो वांगी होती. एकट्या माणसाला अर्धा किलो वांगी तीन दिवस पुरतात. तिथे उभ्या उभ्या मला हिंगणीच्या पलीकडचा तो धुरा, शेताचा बांध, दिसला, जंगलाला लागून असलेला, आणि त्यावरचा एक मोह. दोन वर्षांपूर्वीचा तो अख्खा हंगाम दिसला. त्या हंगामात मी एका बाईचा फार चांगला फोटो काढला आणि एका शब्दाने तिचं घर हलवलं.

मी फोटोग्राफर आहे. वस्तीत मला सगळे 'फोटोवाले भाऊ' म्हणतात. लग्नाची तिथी असली की लग्न, नसली की पासपोर्टचे फोटो, परीक्षेच्या फॉर्मचे फोटो. पोट त्यावर चालतं. पण माझे म्हणून जे फोटो आहेत ते वेगळे आहेत. एसटीची वाट बघता बघता चपलेतून पाय काढून थंड सिमेंटवर टेकवणारी बाई. गिऱ्हाईक नाही म्हणून स्वतःचाच भांग पाडत बसलेला न्हावी. शाळेची घंटा दिल्यावर तिचा नाद पुरता थांबेपर्यंत तिच्यावर हात ठेवून उभा राहणारा शिपाई. ज्या क्षणी काहीच घडत नाही, त्या क्षणाचं मला पहिल्यापासून वेड आहे. लग्नातही हार घालतानाचे फोटो मी कर्तव्य म्हणून काढतो. डोळा असतो तो वरात निघून गेल्यावर मांडवात एकटीच खुर्च्या एकात एक घालत बसलेल्या मावशीवर.

असे फोटो काढायची माझी एक रीत होती. अंगात मातकट रंगाचा शर्ट. कॅमेऱ्याचा आवाज बंद. जागेवर गेलं की पहिली वीस मिनिटं कॅमेरा पिशवीतच ठेवायचा, नुसतं बसायचं. लोक आधी बघतात, मग विसरतात. त्यांनी विसरलं की आपलं काम सुरू. थोडक्यात, आपण तिथे नाहीच असं व्हायचं. सुनंदा गेल्यावर मला ते फारसं अवघड गेलं नाही.

सुनंदा म्हणजे माझी बायको. दोन पावसाळे झाले होते तिला जाऊन. केतकी, आमची एकुलती एक, पुण्याला एका कंपनीत. घरात दिवसभर फ्रीजचा आवाज आणि संध्याकाळी शेजारच्यांच्या टीव्हीचा. भात मी नेहमी जास्तच लावायचो. माप कळत नव्हतं असं नाही, हात तेवढाच वळायचा.

त्या वर्षी होळी झाली आणि घरात सकाळी बसवेना. म्हणून गाडी काढायला लागलो. पाचला निघायचं, सेलू मागे टाकायचं, हिंगणी ओलांडायची आणि उजेड फुटायच्या आत जंगलाच्या कडेला पोचायचं. पळसाचा बहर ओसरत आला होता. मोहाची झाडं पानं टाकून उघडी झाली होती आणि खालच्या जमिनीवर फिकट पिवळी फुलं पडत होती. झाडावर असताना ती दिसतच नाहीत. पडली की दिसतात.

पार्बताबाई मला तिथे दिसली. साठीच्या पुढची असेल. लुगड्याचा काष्टा, डोक्याला फडकं, कंबरेत अशी वाकलेली की गुडघे न मोडता दोन्ही हात जमिनीला लागत. गोंडांच्या टोल्यावरचं, म्हणजे वस्तीतलं, अगदी शेवटचं घर तिचं. हे मला नंतर कळलं. पहिले दोन दिवस मी दूर बांधाच्या आड बसून लांब भिंगाने तिचे फोटो काढले. तिने एकदाही मान वर केली नाही. माझी रीत फळाला आली म्हणून मी खूश.

तिसऱ्या दिवशी ती टोपलं खाली ठेवून सरळ माझ्याकडे चालत आली.

"काऊन जी," ती म्हणाली, "तीन दिवस झाले, लपून लपून काऊन फोटो काढून राह्यले? मी का वाघ आहो?"

मी उभा राहिलो. पँटला चिकटलेली माती झटकायला लागलो, म्हणजे तिच्याकडे बघावं लागू नये.

"तिकडं बोरच्या जंगलात येतेत लोकं, वाघाचे फोटो काढाले. थे लपतेत. बराबर आहे, वाघाले काई विचारता येत नाई. माणसाले तं विचारता येते ना?"

"चुकलं, मावशी," मी म्हटलं. "विचाराले पाह्यजे होतं."

"मंग विचारा."

"काढू का फोटो?"

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मातकट शर्टाकडे जरा जास्तच. "आदी फुलं वेचू लागा," म्हणाली. "बसून बसून आंग दुखन तुमचं."

अशी सुरुवात झाली. रोज सकाळी मी तिच्याबरोबर तासभर फुलं वेचायचो आणि मग ती म्हणायची, "काढा आता तुमचं काय थे." फुलं वेचणं सोपं वाटतं, पण नसतं. फूल रसाने भरलेलं असतं, जोरात धरलं की बोटात फुटतं. अंगठा आणि दोन बोटं, तेवढ्याच जोराने, जेवढ्याने आपण झोपलेल्या लेकराच्या अंगावरची माशी उचलू. पहिल्या दिवशी माझी निम्मी फुलं लगदा झाली. "हे माह्या बकरीले," म्हणून तिने वेगळी काढली आणि हसली. खालचे दात दोनच होते.

ती फार बोलायची नाही. जवळच्याच झाडाखाली तिची जाऊ वेचायची. दोघी अधूनमधून गोंडीत एकमेकींना काही सांगायच्या. मला कळायचं नाही आणि ते बरं वाटायचं. कळत नसलेल्या बोलण्याच्या शेजारी बसायला एक वेगळा आराम असतो. पार्बताबाईचा नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. मुलगा एकच, मारोती. जामच्या चौकात हायवेवर त्याचं पंक्चरचं दुकान. येतो का, असं मी एकदा विचारलं. "पोळ्याले येते कधी," ती म्हणाली आणि टोपलं दुसऱ्या फांदीखाली सरकवलं.

एवढं मला पुरलं. मी मनात गोष्ट रचायला सुरुवात केली.

तो फोटो पाडव्याच्या आधीचा. सहा चाळीस झाले होते. ऊन अजून जमिनीलगत होतं, धुऱ्याच्या कडेने सरपटत आलं होतं. टोपलं भरलं होतं. पार्बताबाई झाडाच्या मुळावर बसली, फडकं सोडून मांडीवर ठेवलं, एक हात जमिनीवर टेकवला आणि मान किंचित वळवली. समोर वाट होती, गावाकडे जाणारी. तोंडावर काहीच भाव नव्हता, किंवा मला नाव देता येणार नाही असा काही होता. मागे पांढऱ्या धुरासारखा उजेड आणि त्यात पडता पडता सापडलेलं एक फूल, जमिनीपासून वीतभर वर.

मी विचारलं नाही. तासभर वेचून झालं होतं, तेव्हा परवानगी आहेच असं धरून चाललो. एकच क्लिक केलं. घरी येऊन मोठ्या पडद्यावर फोटो उघडला आणि खुर्चीत मागे सरलो. तीस वर्षांत असा फोटो मला मिळाला नव्हता.

वर्ध्याला त्याच सुमारास एका हौशी मंडळाचं फोटोंचं प्रदर्शन होतं. मी फोटो दिला. फॉर्मवर एक रकाना होता, 'शीर्षक'. पेन टेकवलं आणि क्षणही न थांबता लिहिलं, 'प्रतीक्षा'. खाली गावाचं नाव. मला वाटलं, हा शब्द मी शोधला नाही, तो त्या फोटोतच होता.

लोक फोटोसमोर थांबले. एक बाई डोळे पुसताना मी पाहिली. एका वर्तमानपत्राने रविवारच्या पानावर तो छापला, चांगला पाव पान, खाली ठळक अक्षरात शब्द आणि दोन ओळी कोणा वार्ताहराने स्वतःच्या मनाने जोडलेल्या: शहराकडे गेलेल्या लेकाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली आई. मी त्याला असं काही सांगितलं नव्हतं. पण वाचून मला राग आला नाही, हे खरं सांगायला हवं. मला वाटलं, कळलं याला.

मग लग्नं आली. दहाबारा दिवस मला हिंगणीकडे जाता आलं नाही. कात्रण मात्र खिशात होतं, तिला दाखवायला.

गेलो तेव्हा एप्रिल अर्धा सरला होता. धुऱ्यावर पोचलो आणि गाडी तशीच उभी करून बघत राहिलो. मोहाखाली जमीन दिसत नव्हती. फुलांवर फुलं, आजची पांढरट, कालची पिवळी, परवाची काळी पडलेली, कोणी हात न लावलेली. दोन गाई त्यातच चरत होत्या. आंबूस, नशा आणणारा वास. असं दृश्य कधी दृष्टीस पडत नाही, कारण मोहाखालचं एक फूल कोणी वाया जाऊ देत नाही. मी फोटो काढला. खोटं कशाला सांगू? आधी फोटो काढला आणि मग पार्बताबाई कुठे आहे ते बघायला लागलो.

शेजारच्या झाडाखाली तिची जाऊ होती. मला बघून तिने हातातलं काम थांबवलं नाही.

"मावशी कोठी गेल्या?"

"मारोती घेऊन गेला जामले."

"कवा?"

"झाले आठ दिवस. तुमच्या त्या पेपरानं." ती टोपलं घेऊन उठली, आणि उठल्यावर म्हणाली, "झाड तिचं आहे. तिनं सांगतल्याबिगर आमी कसे वेचू तिथले?"

मी कात्रण खिशातून काढलंच नाही. गाडी वळवली ती सरळ जामला.

हिंगणी ते जाम लांब पडतं. ऊन डोक्यावर आलं होतं. शेतं उलंगली होती, पीक निघून मोकळी झाली होती, कुठे कुठे पऱ्हाटीची, कपाशीची, धसकटं तेवढी उभी होती. वाटेत कुठे थांबलो नाही. मी काय बोलणार आहे ते मनात जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्य 'मला वाटलं' पासूनच सुरू होत होतं.

जामचा चौक म्हणजे सगळ्या दिशांनी येणारे ट्रक, ढाबे, टायर, हॉर्न. मारोतीचं दुकान शोधायला वेळ लागला नाही. पत्र्याचं शेड, बाहेर टायरांची उतरंड, हवेच्या मशीनचा सारखा खड खड आवाज. शेडच्या मागे एक खोली आणि खोलीच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर पार्बताबाई. कानात कापसाचे बोळे घातले होते. दोन्ही हात मांडीवर उताणे, रिकामे. मी त्या हातांना रिकामं कधी पाहिलं नव्हतं.

मला बघून तिने एका कानातला बोळा काढला.

"आले का," म्हणाली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

मारोती टायरमधून ट्यूब ओढत होता. चाळिशीचा, काळसर, आईसारखंच रुंद कपाळ. "थेच का हे, माय? फोटोवाले?" त्याने विचारलं. आणि तिने मान हलवायच्या आत माझ्याकडे वळला.

"काय लिवलं हो तुमी पेपरात? तिकडं चायवाल्यानं चिपकवून ठेवलं, पाहा. येनारा-जानारा मले पुसते, काऊन बे मारोती, माय तिकडं जंगलात वाट पाहून राह्यली अन् तू इथं हवा भरून राह्यला? ड्रायव्हर लोकं बी बोलतेत, अरे जा भाई, माँ को ले के आ. चार दिवस जेवन गेलं नाई मले. मंग गेलो अन् घेऊन आलो. आता अजून काय पाह्यजे तुमाले?"

माझ्या आधी पार्बताबाई बोलली.

"फोटो चांगला आहे," ती म्हणाली. "मी पाह्यला तिथं. आहोच मी तसी. पन खाली थे काय लिवलं? मले तं वाचता येत नाई. चायवाल्यानं सांगतलं, प्रतीक्षा. म्हंजे वाट पाहनं." ती थांबली. "कोनाची वाट पाहून राह्यलती मी?"

"मला वाटलं, मावशी..."

"तुमाले वाटलं तं तुमच्या फोटोखाली लिवा ना."

ती चिडून बोलली नव्हती. आवाज तर रोजच्यासारखाच होता, बोटात फूल फोडू नका म्हणतानाचा. म्हणूनच मला खाली बसावंसं वाटलं. बाजूला एक जुना टायर पडला होता, त्यावर बसलो.

"मंग काय करत होता तुमी तवा?" मी विचारलं. पहिल्यांदा विचारलं. हा प्रश्न फोटोच्या आधी विचारायचा होता.

"काई नाई," ती म्हणाली. "फुलं पडाचा आवाज ऐकून राह्यलती. टोपलं भरलं का मी बसतो जरासक. एक पडलं, दोन पडले, कोन्या फांदीचं पडलं हे समजते मले. थो माहा टाइम आहे. त्यात कोनीच नसते. ना मारोती, ना त्याचा बाप, ना तुमी." मग शेडकडे, मशीनकडे, रस्त्याकडे हात करून म्हणाली, "इथं काई पडलं तं ऐकूच येत नाई, बाप्पा."

मी मारोतीकडे वळलो. म्हटलं, "भाऊ, चूक माझी आहे. त्या वाटेवर मावशी कोनाची वाट पाहत नव्हत्या. थे माह्याच मनानं लिवलं मी. तुमचा काई दोष नाई."

मला वाटलं, त्याच्या मनावरचं ओझं उतरेल. पण मारोतीच्या हातातली ट्यूब हातातच राहिली. तो आईकडे बघत होता आणि त्याचं तोंड लहान पोरासारखं झालं होतं.

"म्हंजे," तो म्हणाला, "तू माही वाट नोती पाहत?"

ते चार दिवस त्याला जेवण गेलं नव्हतं, तरी त्या पेपरात त्याच्यासाठी काहीतरी होतं. कोणीतरी आपल्यासाठी वाटेकडे बघत बसलं आहे, हे त्याने कापून मनात ठेवलं होतं. मी ते आत्ता काढून घेतलं होतं. एका माणसाने एकाच फोटोत दोनदा चूक करावी, असं झालं.

पार्बताबाई उठली. खुर्चीच्या हाताला धरून, हळू. त्याच्याजवळ गेली आणि ट्यूब त्याच्या हातातून घेऊन पाण्याच्या टबात टाकली.

"पाह्यली रे," म्हणाली. "पाच वर्स पाह्यली तुही वाट. फुलं वेचताना पाह्यली, भाकर टाकताना पाह्यली. कुत्रं भुकलं तं वाटे तूच आला. फुलं पडाचा आवाज कसा असते हे बी मले मालूम नोतं तवा. कान सगळे रस्त्याकडं. मंग एक दिवस सोडून देल्ली. सोडली तं ऐकू याले लागलं." थोडं थांबून म्हणाली, "तुह्यावर राग नाई रे माहा. राग असता तं सोडताच आली नसती."

एक लांब ट्रेलर चौकातून वळत होता. टबातल्या ट्यूबमधून बारीक बुडबुडे येत होते. मारोती त्यांच्याकडे बघत होता. मग त्याने नाक पुसलं, ग्रीसचा पट्टा गालावर ओढला गेला.

"कवापर्यंत पडतेत फुलं?"

"आठ दिस अजून. लय झालं तं दहा."

"सकाळी पोचवून देतो तुले."

"पोचवू नको," ती म्हणाली. "चाल. वेचाले चाल."

त्याने दुकानाकडे पाहिलं, टायरांकडे पाहिलं. सणावारालाही बंद न ठेवलेलं दुकान असावं, असं त्या बघण्यावरून वाटलं. "बरं," म्हणाला.

निघताना तिने मला हाक मारली. "भाऊ, थो फोटो मले देजा एक. मोठा. खालचं कापून."

परतीच्या वाटेवर उन्हं कलली होती. फोटोग्राफर ज्याची वाट बघतो तो सोनेरी उजेड सगळ्या माळावर पडला होता आणि मला एकही फोटो काढावासा वाटला नाही. डोक्यात तिचं वाक्य घोळत होतं. तुमच्या फोटोखाली लिवा. माझा फोटो कुठे आहे, आठवायला लागलो. तीस वर्षं कॅमेऱ्याच्या मागे काढलेल्या माणसाचे फोटो नसतात. असता, तर त्या दिवसांतला तो कसा असता? सहा चाळीसला मुळावर बसलेला, मान वळवलेला. फोन उपडा न ठेवता सुलटा ठेवणारा, म्हणजे पडदा उजळला तर दिसावा. गॅलरीत येऊन रिक्षा कोणाच्या दारात थांबली ते बघणारा. शब्द अगदी बरोबर होता. बाई चुकीची होती.

घरी आलो, हातपाय धुतले आणि केतकीला फोन लावला. एरवी मी लावत नसे. ती कामात असेल, ती करेल, असं म्हणून बसायचो.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही झालं."

"मग आवाज असा का?"

"केतकी, मी तुझी वाट पाहतो. रोज. एवढंच सांगायचं होतं."

पलीकडे कोणीतरी हसत होतं, ऑफिसमधलं. मग दार लागल्याचा आवाज आला आणि शांत झालं.

"बाबा," ती म्हणाली, "आई गेल्यावर तुम्हीच म्हणाले होते, मी मजेत आहे, तू तुझं बघ. दर फोनला म्हणता. मजेत आहे."

"म्हणतो."

"मी तेच खरं धरून चालले ना मग." तिचा आवाज भरला होता आणि त्यात रागही होता. तो तिच्या हक्काचा होता. "मला कसं कळणार, बाबा? मी काय करू? तुम्ही म्हणता मजेत, मी म्हणते बरं."

फोन ठेवायची घाई दोघांनीही केली नाही. तेवढा वेळ फ्रीजचा आवाज ऐकू आला नाही.

मे महिन्याच्या सुरुवातीला ती आली, सुटी जोडून, तीन दिवस. पहिला दिवस झोपलीच. दुसऱ्या दिवशी आईचं कपाट उघडून त्याच्यासमोर बसली, एकेक साडी मांडीवर घेऊन, आणि मी दारातून ते बघितलं. उजेड खिडकीतून तिच्या मानेवर येत होता. कॅमेरा बाजूच्या खोलीत होता. मी आत गेलो आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. तिसऱ्या दिवशी ती एक साडी घेऊन गेली. वर्धा स्टेशनवर गाडी हलली तेव्हा तिने हात केला, मीही केला, आणि घरी येऊन परत भात जास्त लावला.

एकटेपण काही गेलेलं नाही. जाईल असं मी धरूनही चालत नाही. फरक इतकाच की आता ते मी दुसऱ्याच्या तोंडावर शोधत नाही. प्रदर्शनांच्या फॉर्मवर शीर्षकाचा रकाना येतो तेव्हा मी गावाचं नाव आणि महिना लिहितो. आयोजक म्हणतात, भाऊ, काही तरी भावपूर्ण द्या. मी म्हणतो, एवढंच माहीत आहे मला. आणि फोटोआधी विचारतो. विचारलं की लोक सावध होतात, पदर सारखे करतात, केस चापून बसवतात, तो शांत क्षण हातचा जातो. जातो तर जातो. मग मी बसतो. कधी कधी तासाभराने तो आपणहून परत येतो. कधी येत नाही, आणि मग चहा पिऊन मी निघतो. फोटो पहिल्यापेक्षा कमी मिळतात. मिळतात त्यांच्यातल्या माणसांना मी ओळखत असतो.

आज रविवार. बाजारातल्या त्या वासाने झोप लागू दिली नाही, म्हणून पहाटे हिंगणीला गेलो. मारोती होता तिथे. गेल्या वर्षीपासून तो चैतात दुकान आठ दिवस बंद ठेवून येतो. फुलांवर पाय देतो म्हणून आई त्याला ओरडत होती आणि तो चाळीस वर्षांचा माणूस टाचा उचलून चालत होता. मीही वेचायला बसलो. टोपलं भरल्यावर पार्बताबाई थोडी दूर गेली, मुळावर बसली, आमच्याकडे पाठ करून. मारोतीने मला खुणेने गप्प राहायला सांगितलं. मला सांगायची गरज नव्हती, पण त्याने सांगितलं ते आवडलं.

दहाला परत निघालो. सेलूच्या पुढे रस्ता तापला होता. घराचं कुलूप हाताला चटका देण्याइतकं गरम. आत येऊन पाणी प्यायलो, वांग्याची भाजी टाकली, तांदूळ धुतले, एक वाटी.

रोज दुपारी एकच्या सुमाराला केतकीचा फोन येतो. फार बोलणं नसतं. "जेवलात?" "बसतोच आहे." "भाजी?" "वांगी." "परत वांगी?" एवढंच. कामाच्या दिवशी मागे तिच्या ऑफिसमधली भांडी वाजत असतात, डबे उघडत असतात.

एखाद्या दिवशी फोन येत नाही. मग मी करतो.